उपाशी नळ्या

त्या उन्हाळ्यात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात दोन स्वयंपाक व्हायचे. एक आमचा, तो आई करायची. आणि दुसरा चिलटांचा, तो माझ्याकडे. रवा, गूळ, पाणी आणि वाण्याकडे चायना ग्रास म्हणून जे मिळतं त्याची पूड असं सगळं पातेल्यात ढवळत राहायचं. कडेनं बुडबुडे फुटायला लागले की उतरवायचं, जरा निवलं की बुरशी लागू नये म्हणून उग्र वासाच्या औषधाचे थेंब टाकायचे, आणि काचेच्या नळ्यांमध्ये तळाशी बोटभर ओतायचं. थिजल्यावर वर यीस्टचे दाणे आणि तोंडाला कापसाचं बूच. आई त्याला चिलटांचा शिरा म्हणायची. शिरा होत आला की शेजारच्या कारखान्यातल्या मागांच्या खडखडाटातही गल्लीतल्या बायका दारातून विचारायच्या की आज काय गोडधोड, आणि आईला दरवेळी काहीतरी थाप मारावी लागायची. पोरगी एम. एस्सी.ला आहे हे सांगायला तिला आवडे. पोरगी माश्यांना शिरा खाऊ घालते हे सांगायला तेवढं आवडत नसे.

पिकलेल्या केळ्यावर घोंघावतात ना, तीच ही चिलटं. लाल डोळ्यांची, तिळाएवढी. आमच्या बिराजदार सरांनी मला विषय दिला होता तो त्यांच्या खाण्याचा. काही चिलटांना पोटभर द्यायचं, काहींना त्याच अन्नात पाणी वाढवून निम्म्या कसाचं द्यायचं, आणि काहींना काहीच द्यायचं नाही. नुसतं थिजवलेलं चायना ग्रास, म्हणजे जवळजवळ पाणीच. मग कोण किती जगतं ते बघायचं. सर फार कमी बोलत. विषय देताना एवढंच म्हणाले होते, की यात करामत काही नाही, रोज न चुकता बघणं आहे, आणि ते तुला जमेल असं वाटतं. सोलापुरात त्या काळी एखाद्या मुलीला असं कुणी म्हटलं तर ती आठवडाभर जमिनीवर नसे. मीही नव्हते.

सुट्टीत विभागाला कुलूप लागणार होतं, आणि चिलटांना सुट्टी कळत नाही. त्यातून आमच्याकडचा उन्हाळा. दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, तिथे या नाजूक जिवांचं काय होणार? सरांनी परवानगी दिली आणि मी नळ्यांचे खोके रिक्षात मांडीवर घेऊन घरी आले. आमच्या मधल्या खोलीला खिडकी नव्हती. खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात पाण्याचा रांजण. रांजणाच्या शेजारी पाटावर खोके मांडले, वरून ओलं गोणपाट टाकलं. घरातली सगळ्यात गार जागा चिलटांना मिळाली आणि तिथे दुपारी झोपणारे आमचे अण्णा सोप्यात गेले. चादरीच्या कारखान्यात ते जॉबर होते, माग बिघडला की नीट करणारे. घरी आल्यावर त्यांना शांतता लागे. पण तक्रार म्हणून त्यांनी केली नाही. बार्शीचं एक स्थळ माझ्यासाठी बघून ठेवलेलं होतं. कॉलेज उघडलं की मी प्रबंध द्यायचा, दिवाळीनंतर लग्न, असं ठरल्यासारखं होतं. प्रबंध लांबला तर ती माणसं थांबणार नाहीत हे आईनं मला ऐकू जाईल अशा बेतानं शेजारणीला सांगून ठेवलं होतं.

गोणपाट ओलं ठेवायचं काम आत्तीनं आपणहून घेतलं. गंगाआत्ती, अण्णांची थोरली बहीण. माझ्या जन्माच्या आधीपासून ती आमच्याकडे होती. वळसंगला दिलेली, लवकर विधवा झालेली, एवढंच मला माहीत. उंच, काटकुळी, हाडाला कातडं चिकटलेली बाई. पहाटे उठून जात्यावर बसायची. गिरणी जवळ होती तरी शेंगाच्या चटणीचा कूट आणि भरड तिच्या हातचीच लागे. भाकरी तिची पातळ, पापुद्रा सुटलेली. ती थापायला बसली की आवाजावरून कळायचं: आईच्या भाकरीचा आवाज भरभर, आत्तीचा सावकाश, मोजून टाकल्यासारखा. सगळ्यांची जेवणं झाली की ती ताट घ्यायची. ताट म्हणजे छोटी थाळीच, आणि त्यात चतकोर भाकरी, चिमूटभर चटणी, असलं तर ताक. सोमवार, गुरुवार, शनिवार उपास. एकादशी, चतुर्थी वेगळी. आई कधी आग्रह करायची, तर ती म्हणायची, मला लागतंच न्हाय की. मग आईही हात आवरायची. मला त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही. घरात एखादी खिडकी बंदच असते तशी आत्ती कमी खायची.

आज माझी मुलगी पुण्याहून फोनवर सांगते, की ती दिवसातले सोळा तास काही खात नाही, तिच्या मोबाइलमध्ये त्याचं घड्याळ लावलेलं आहे, आणि तूही करून बघ, आयुष्य वाढतं. मी हो म्हणते. तिला सांगत नाही की हे मी नळ्यांमध्ये पाहिलेलं आहे. पोटभर खाणारी चिलटं ढीगभर अंडी घालतात आणि लवकर म्हातारी होतात. निम्म्या कसाचं खाणारी अंडी कमी घालतात, पण रेंगाळत, चिवटपणे जगतात. हे सगळं खरं आहे. पण मुलगी बोलत असते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती चतकोर भाकरीची थाळी येते आणि पुढचं ऐकू येत नाही.

आत्तीला चिलटांचं कौतुक होतं. ती सकाळी गोणपाटावर पाणी शिंपडायची आणि मग खोक्यापुढे उकिडवी बसून नळ्या न्याहाळायची. नर कुठला, मादी कुठली, हे मी तिला दाखवलं होतं. नराच्या बुडाला काळं टोक असतं. तिला ते भिंगाशिवाय दिसायचं नाही, पण ती मान डोलवायची. कुणाला काय खायला दिलंय तेही मी सांगितलं. भरपूरवाल्या नळ्या, निम्म्यावाल्या नळ्या. पलीकडच्या खोक्यातल्या उपाशी. ते ऐकून तिनं विचारलं की यांनी काय केलंय. मी हसले. म्हटलं, काही केलेलं नाही आत्ती, कुणाला तरी उपाशी ठेवल्याशिवाय कळणार कसं. मी तिला बजावलं, की काही झालं तरी कापसाचं बूच काढायचं नाही, एक जरी चिलट उडालं तरी माझी मोजणी गेली. ती म्हणाली, न्हाय काडत.

उपाशी चिलटं दोन-तीन दिवसांत संपतात. नर आधी जातात, माद्या जरा तग धरतात. पुस्तकात तसं होतं आणि विभागात केलेल्या पहिल्या खेपेला मीही तसंच पाहिलं होतं. पण घरी मांडलेली ही दुसरी खेप काही वेगळंच करायला लागली. तिसऱ्या दिवशी मेलेली अगदी थोडी. चौथ्या दिवशीही नळीच्या काचेवर चिलटं वर-खाली फिरतायत. आठवडा उलटला तरी जिवंत. मी नळ्या उजेडात धरून पाहिल्या, तळाशी नुसता पारदर्शक थर, त्यात अन्नाचा कण नाही. घरच्या गारव्यानं असेल का? की ही चिलटंच निराळी, उपासाला सरावलेली? विशीतल्या पोरीच्या डोक्यात काय काय येतं. मी मनातल्या मनात सरांना ते सांगत होते, सर ते दुसऱ्या कुणाला तरी सांगत होते, आणि माझं नाव कुठे कुठे छापून येत होतं. जेवताना मी अण्णांनाही सांगितलं. ते म्हणाले, चांगलं झालं की मग. आत्ती चुलीपाशी होती, तिनं मान वर केली नाही.

मी खोका घेऊन सरांच्या घरी गेले. सर लेंगा-बनियनमध्ये होते, सदरा घालून आले. ते एकेक नळी घेऊन खिडकीशी गेले. बराच वेळ बघत राहिले. मी बोलतच होते. त्यांनी मला थांबवलं नाही. मग त्यांनी एका नळीचं बूच हळूच काढून नाकाशी नेलं आणि माझ्यापुढे धरलं. मी वास घेतला. कापसाला गुळाचा वास येत होता. आतल्या बाजूनं कापूस पिवळट, चिकट झालेला होता, आणि त्यालाच चिलटं चिकटून बसायची हे मी रोज पाहिलेलं होतं. मला वाटायचं ती उजेडाकडे जातात.

"घरात लहान मूल आहे का?" सरांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. त्या क्षणी मला कळलं होतं, कारण गोणपाट ओलं करायला फक्त एकच माणूस त्या खोलीत जात होतं. सर रागावले नाहीत. ही खेप धरता येणार नाही, पुन्हा मांडावी लागेल, वेळ जाईल, एवढं म्हणाले. मग पाणी मागवलं माझ्यासाठी.

घरी आले तेव्हा दुपार टळत आलेली होती. आई शेजारी गेलेली, अण्णा कारखान्यात. आत्ती परसात तांदूळ निवडत बसली होती. मी खोका तिच्यापुढे ठेवला. मला ओरडायचं होतं, पण आवाज रडका निघाला. मी म्हटलं, आत्ती, तू यांना गूळ घातलास ना? तुला सांगितलं होतं ना मी?

"बूच काडलं न्हाय मी," ती म्हणाली. "वरनंच गुळाचं पाणी सोडलं. रोज थोडं थोडं."

का, म्हणून मी विचारलं. माझा प्रबंध गेला, माझं वर्ष जाईल, बार्शीची माणसं थांबणार नाहीत, तुला काही कळतं का, असंही बोलले. तिनं सूप बाजूला ठेवलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, नळ्यांकडे बघत होती.

"नवरा गेल्यावर सासूनं माझी भाकरी तोडली, शैले. पयली अर्दी. मंग चतकोर. मंग कुटल्या कुटल्या दिवशी ती बी न्हाय. मी रानात जायची, पाणी आणायची, गोठ्यात येऊन बसायची. कुणी कायबी म्हणायचं न्हाय. येताजाता बगायचे निस्ते, आजून हाय का न्हाय. माजी नणंद व्हती काशी. झग्यातली पोर. ती गोठ्याच्या झरोक्यातनं हात घालायची. हातात गुळाचा खडा. त्यावर ऱ्हायले मी. तुज्या ह्या चिलटास्नी बगितलं, आन मला वाटलं, हितं काशी कोन हाय?"

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. तिनं सूप परत मांडीवर घेतलं आणि निवडायला लागली, आणि मीही त्यातले खडे वेचायला लागले.

बाकीचं मला आईनं सांगितलं, त्याच आठवड्यात, कापडं वाळत घालता घालता. अण्णा तेव्हा तरणे होते. बहिणीचा काही निरोप नाही म्हणून ते वळसंगला गेले. दारात एका बाईनं तांब्याभर पाणी आणून दिलं. अण्णांनी पाणी पिऊन तांब्या परत दिला आणि तिला विचारलं, की बाई, आमची गंगा कुठे आहे. ती बाई रडायला लागली तेव्हा त्यांना कळलं, की हीच गंगा. त्यांनी तिला तसंच, अंगावरच्या लुगड्यानिशी, बरोबर आणलं. आई म्हणाली, तेव्हापासून ती पोटभर जेवलीच नाही. सुरुवातीला तिला अन्न जाईना, आणि मग भावाच्या घरात आपला भार नको म्हणून उपास सुरू झाले. आईनं हे सांगितलं आणि चिमटे लावत राहिली. तिचेही डोळे भरलेले होते. इतकी वर्षं एका चुलीवर रांधूनही त्या दोघींचं यावर बोलणं झालेलं नव्हतं.

त्यानंतर मी आत्तीबरोबर जेवायला लागले. आधी सगळ्यांना वाढायचं, मग आम्ही दोघी. मी काही समजूत घालायला गेले नाही. नुसती ताट घेऊन तिच्यासमोर बसायचे आणि तिच्या थाळीत अर्धी भाकरी टाकायचे. ती म्हणायची नको, मी म्हणायचे मग मीही उठते. शेंगाच्या चटणीवर तेल, कांदा फोडून, कधी प्यायला हुलग्याचं माडगं. दुपारची ती वेळ, माग थोडा वेळ थांबलेले, परसातल्या कडुनिंबाखाली सावली हललेली, आणि आम्ही दोघी काहीही न बोलता खातोय. पुढे मी मोठमोठ्या ठिकाणी जेवले. लग्नात, परिषदांमध्ये, मुलीच्या घरी. पण मला भूक लागते ती त्या जेवणाची. ती चटणी मी करते, शेंगाही सोलापूरच्याच मागवते. चव बरोबर येते. समोर कुणी नसतं.

नळ्या मी पुन्हा मांडल्या, या वेळी विभागात. सरांनी किल्ली मिळवून दिली. उपाशी नळ्यांची मोजणी मी एकटीनं केली, आणि खरं सांगायचं तर ती करताना माझा हात जड व्हायचा. निकाल पुस्तकासारखाच आला. मी सरांना आत्तीचं सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "कमी खाणं वेगळं आणि न मिळणं वेगळं. आपण दोन्ही एकाच कागदावर मांडतो, पण ती एक गोष्ट नाही, शैला." हे वाक्य पुढे मी माझ्या प्रत्येक वर्गाला सांगितलं, त्यांचं म्हणून सांगितलं. प्रबंध लांबला. बार्शीची माणसं थांबली नाहीत. आईला वाईट वाटलं, मला वाटलं नाही. अण्णांनी एका संध्याकाळी हातपाय धुताना विचारलं, की अजून किती वर्षं लागतील तुझ्या शिक्षणाला, आणि मी भीत भीत सांगितलं तेव्हा नुसतं बरं म्हणाले.

काशीचा शोध मीच काढला. बाजाराच्या दिवशी वळसंगची माणसं पेठेत यायची, त्यांच्यातल्या एका म्हातारबानं सांगितलं की ती अकलूजला दिलीय, नवरा साखर कारखान्यात आहे, बरं चाललंय तिचं. आत्तीला मी विचारलं, जायचं का. तिसऱ्या दिवशी तिनं चांगलं लुगडं काढून ओट्यावर वाळत घातलं, त्यावरून मी समजले.

अकलूजला उतरलो तर सगळीकडे हिरवा ऊस आणि पाटाचं पाणी. आमच्या भागातल्या माणसाला तिथे डोळे निववावेसे वाटतात. काशीचं घर शोधायला त्रास पडला नाही. दारात एक गुटगुटीत, कपाळभर कुंकू लावलेली बाई गहू पाखडत होती. आत्ती फाटकाशीच थांबली. मी पुढे होऊन सांगितलं, की वळसंगच्या गंगावैनी आल्यात. ती बाई उठली, गहू सांडले, आणि आत्तीच्या गळ्यात पडून रडायला लागली. पोहे झाले, चहा झाला, घरातली सगळी जणं बघून गेली. मग दोघी आतल्या खोलीत बसल्या आणि आत्तीनं ते सांगितलं, ज्यासाठी ती आली होती. झरोका, हात, गुळाचा खडा. काशी ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना.

"मला न्हाय आटवत, वैनी," ती शेवटी म्हणाली. "खोटं कशाला बोलू. मला तुमी वेणी घालायच्या ते आटवतंय. आई केस वढायची, तुमी न्हाय वढायच्या. तुमी गेल्यावर मी लई दिवस केसच विंचरू दिले न्हाईत कुणाला."

ज्या खड्यावर आत्तीनं आपलं उभं आयुष्य ठेवलं होतं तो त्या हाताला आठवतही नव्हता. मला वाटलं आता ही कोसळेल. पण तिनं हात पुढे केला, काशीच्या पिकायला लागलेल्या केसांवरून फिरवला, आणि तिला पाठमोरी बसायला सांगितलं. काशी लहान मुलीसारखी वळून बसली. कोनाड्यातली फणी आत्तीनं मागून घेतली. मी बाहेर ओसरीवर जाऊन बसले.

परतीच्या एसटीत आत्ती खिडकीशी बसली होती. ऊस संपला, माळ सुरू झाले. ती काही बोलेल म्हणून मी वाट पाहत होते. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. मोहोळच्या स्टँडवर गाडी थांबली, माणसं उतरली-चढली. तेव्हा तिनं माझ्या दंडाला हात लावला.

"शैले," ती म्हणाली, "भूक लागली गं मला."

जन्मापासून तिच्यासोबत एका घरात वाढलेली मी, तिच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं. मी धावत खाली उतरले. मिळेल ते घेतलं. गरम भजी, पाव, केळी. कंडक्टरनं घंटी मारली तरी मी हातात पुडे धरून धावतच होते. गाडी हलली तेव्हा ती माझ्या हातातून एकेक घेत खात होती, सावकाश, मोजून टाकल्यासारखं, आणि खिडकीतून बाहेर बघत होती.